खोबरेल : माणसाचे आणि मोतीचे

अलीकडे मला एक प्रश्न फार वेळा विचारला जातो. विचारणारी माणसे शिकलेली असतात, घरात एखादा लॅब्रेडॉर नाहीतर पर्शियन मांजर असते आणि प्रश्न असा असतो : ‘‘डॉक्टर, याला रोज चमचाभर खोबरेल सुरू करू का? केस चमकतात, खाज थांबते, म्हातारपणी डोकं शाबूत राहतं म्हणतात.’’ मी आयुष्यभर पशुवैद्यकी केली आणि त्यातली बरीच वर्षे कोकणात, माडांच्या सावलीत. पण त्या सगळ्या वर्षांत कोकणातल्या एकाही माणसाने मला हे विचारले नव्हते. नारळ दारात, कुत्रा अंगणात, तरीही नाही. मग हा प्रश्न आला कुठून? त्याचा माग काढत गेलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न माडावरून पडलेलाच नाही. तो बराच लांबचा प्रवास करून आपल्याकडे आला आहे. आज त्या प्रवासाची गोष्ट सांगतो.

सुरुवात घरापासून करू. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच आपला औषधीविषयक ग्रंथ छापला. त्यात नारळावर एक संवाद आहे. वाळवलेल्या खोबऱ्याला इथले लोक ‘कोप्रा’ म्हणतात आणि ते होर्मुझला व बालाघाटाला, म्हणजे घाटावरच्या आपल्या देशाकडे, जाते अशी नोंद तो करतो. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वीही खोबरे हा व्यापाराचा माल होता. ज्या वस्तूला बाजारात पैसा मिळतो, ती घरात हात राखूनच वापरली जाते.

खोबरे घाण्यात घातले की दोन गोष्टी बाहेर येतात, तेल आणि पेंड. त्यांची वाटणीही ठरलेली होती. तेल माणसांना आणि पेंड गुरांना. दुभत्या म्हशीपुढे पेंडीचा खुराक ठेवला जाई आणि पेंडीत जो काही तेलाचा अंश उरलेला असे, तेवढेच खोबरेल जनावराच्या पोटात जाई. कुत्र्याच्या वाट्याला भाकरीचा तुकडा, ताकभात आणि मासळीचे काटे. त्याच्या ताटलीत खोबरेल ओतणाऱ्याला घरच्या म्हातारीने वेड्यात काढले असते.

याचा अर्थ जनावराला तेल माहीतच नव्हते असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद आणि तुपाने किंवा तेलाने मळायचे, शिंगांना तेल लावायचे, ही रीत आजही आहे. कुत्र्याला खरूज झाली तर करंजेल चोळायचे. गुराचे पोट फुगले तर बांबूच्या नळीने घशाखाली तेल ओतायचे. यातला फरक ध्यानात घ्या. अंगावरचे तेल हा उपचार होता आणि पोटातले तेल हा अडीअडचणीचा, एका वेळचा डोस होता. रोजचा पूरक आहार म्हणून कुत्र्यामांजराला खोबरेल देण्याची कल्पना आपल्या परंपरेत मला कुठे सापडली नाही. ‘आपल्या पूर्वजांचे ज्ञान’ असे लेबल तिला आज लावले जाते, ते मागाहून चिकटवलेले आहे.

आता गोष्ट समुद्रापलीकडे जाते. एकोणिसाव्या शतकात युरोपला साबणासाठी आणि पुढे मार्गारीनसाठी स्निग्ध पदार्थ हवे होते. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो, म्हणून खलाशांना तो प्रिय झाला. गिरण्यांत खोबरे येऊ लागले आणि तेलाबरोबरच रसायनशास्त्रही पुढे सरकले. फ्रान्सच्या मिशेल शेव्रल याने १८२३ साली स्निग्ध पदार्थांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेल-चरबी म्हणजे एकसंध वस्तू नव्हे, ती ग्लिसरीन आणि निरनिराळी आम्ले यांची जोडणी आहे, हे त्याने दाखवले. यातल्या तीन आम्लांना रसायनशास्त्रज्ञांनी बोकडावरून नावे दिली : कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक. लॅटिनमध्ये शेळीला ‘काप्रा’ म्हणतात आणि या आम्लांना बोकडासारखाच उग्र दर्प असतो. कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही नावे लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

खोबरेलात काय असते ते ढोबळमानाने सांगतो. त्यातले सुमारे नव्वद टक्के स्निग्ध आम्ल संपृक्त असते, म्हणून ते थंडीत गोठते. जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा. कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही दोन्ही मिळून साधारण तेरा-चौदा टक्के. आणि शरीराला बाहेरूनच घ्यावे लागते असे लिनोलेइक आम्ल जेमतेम दोन टक्के. हा शेवटचा आकडा लहान दिसतो. पण कुत्र्यामांजरांचा खोबरेलाशी पहिला गंभीर संबंध आला तो त्या आकड्यामुळेच.

१९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की आहारातून स्निग्धांश पूर्ण काढून टाकला तर जनावर आजारी पडते. काही स्निग्ध आम्ले अत्यावश्यकच असतात. त्यानंतर संशोधकांना प्रयोगासाठी एक सोयीचे स्निग्ध हवे होते : ज्यात उष्मांक आहेत, पण ही अत्यावश्यक आम्ले नाहीत. खोबरेलात ती मुळातच थोडी. त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केले, की उरलीसुरलीही जातात. प्रयोगशाळेत हे घट्ट केलेले खोबरेल पूरक आहार म्हणून आले नाही, उणिवेचा आहार म्हणून आले.

कुत्र्यावर त्याचा वापर कसा झाला ते ऐका. माणसाच्या रोहिण्यांत मेद साचतो तो कसा, हे शोधणाऱ्यांना कुत्रा मोठा अवघड विद्यार्थी होता. कितीही कोलेस्टेरॉल चारा, त्याच्या रोहिण्या सहसा बिघडत नसत. १९४६ साली स्टायनर आणि केंडॉल यांना त्यासाठी थायोयुरासिल नावाचे औषध देऊन कुत्र्यांची थायरॉइड ग्रंथी मंद करावी लागली. पुढे १९६८ मध्ये स्वीडनमधील माल्मरोस आणि स्टर्नबी यांनी औषधाशिवाय तो परिणाम घडवून दाखवला. कसा? तर भरपूर कोलेस्टेरॉल आणि हेच घट्ट केलेले खोबरेल असलेला कृत्रिम आहार देऊन. म्हणजे कुत्र्याला रोज खोबरेल चारण्याचे जे पहिले ठळक शास्त्रीय उदाहरण मला आढळले, ते त्याला बरे करण्यासाठी नव्हते. त्याला आजारी पाडण्यासाठी होते. तुमच्या घरच्या बाटलीतले तेल म्हणजे ते घट्ट केलेले तेल नव्हे, आणि घरच्या कुत्र्याला कुणी एवढे कोलेस्टेरॉलही चारत नाही. म्हणून या प्रयोगाने घाबरून जायचे कारण नाही. पण ‘कुत्र्याला दिले तर भलेच होते’ या विधानाला इतिहासात आधार नाही, एवढे तरी यातून कळते.

मांजराची कथा वेगळी आहे. १९७५ साली लंडनमधील रिव्हर्स, सिंक्लेअर आणि क्रॉफर्ड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की वनस्पतीतल्या लिनोलेइक आम्लापासून पुढची आवश्यक आम्ले बनवण्याची शक्ती मांजराकडे जवळजवळ नाही. कुत्रा ते करू शकतो, माणूस करू शकतो, मांजर नाही. तिला ती आम्ले मांस-मासळीतूनच मिळवावी लागतात. याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत मॅकडोनाल्ड, रॉजर्स आणि मॉरिस हे मांजरांच्या आहारावर काम करत होते. १९८५ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच मांजराची नावड हा होता. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले ते कॅप्रिलिक आम्ल आणि त्याच्या जातीची स्निग्धे आहारात घातली, की मांजरे तोंड फिरवत. आपण म्हणतो मांजर फार नखरेल. पण इथे तिच्या नखऱ्यात तथ्य होते.

इतके झाल्यावर खोबरेलाला पूरक आहाराचा मान मिळाला कसा? इथे दुसरा धागा येतो. १९५०च्या सुमारास अमेरिकेत खोबरेलातून कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही दोन आम्ले वेगळी काढून त्यांचे नवे तेल बनवले जाऊ लागले. त्याला ‘मध्यम साखळीचे स्निग्ध’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून एमसीटी. हे तेल लवकर पचते, सरळ यकृताकडे जाते आणि तिथे त्यापासून कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात. मेंदूला साखर कमी पडली तर तो या कीटोनांवर काम चालवू शकतो. ज्यांना साधी स्निग्धे पचत नाहीत अशा रुग्णांसाठी हे तेल आले आणि १९७१ साली हुटेनलोकर यांनी लहान मुलांच्या फेफऱ्यावर एमसीटीचा आहार वापरून पाहिला.

तिथून ते कुत्र्यांपर्यंत पोहोचले. २०१० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हातारे झालेले २४ बीगल कुत्रे, त्यातल्या निम्म्यांच्या खाण्यात साडेपाच टक्के एमसीटी, मुदत आठ महिने. शिकण्याच्या कसोट्यांत एमसीटीवाले कुत्रे सरस ठरले. २०१५ साली लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी फेफरे येणाऱ्या २१ कुत्र्यांवर प्रयोग केला. प्रत्येक कुत्र्याला तीन महिने एमसीटीचे खाद्य आणि तीन महिने साधे खाद्य. कोणते कधी, हे मालकालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. एमसीटीच्या काळात फेफऱ्यांचे प्रमाण घटले. तीन कुत्र्यांचे झटके पूर्ण थांबले, आणखी सातांचे निम्म्याहून कमी झाले, सहांवर काहीच परिणाम दिसला नाही. या दोन्ही संशोधनांशी पशुखाद्य बनवणाऱ्या पुरिना कंपनीचा संबंध होता हे सांगितले पाहिजे. तरी प्रयोगांची मांडणी चोख होती. मी स्वतः ते गंभीरपणे घेतो.

पण यातला एक बारकावा लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. हे सगळे एमसीटी तेलाविषयी आहे, खोबरेलाविषयी नाही. एमसीटीत जी दोन आम्ले जवळजवळ शंभर टक्के असतात, ती खोबरेलात तेरा-चौदा टक्के. खोबरेलाचा मोठा वाटा लॉरिकचा आणि तो शरीरात बराचसा साध्या स्निग्धासारखाच वागतो. उसापासून साखर होते म्हणून पेलाभर रस म्हणजे पेलाभर साखर नव्हे, तसेच हे आहे.

मग हा बारकावा हरवला कुठे? तो माणसांच्या भांडणात हरवला. १९८८ साली अमेरिकेतील फिल सोकोलोफ या उद्योजकाने, स्वतःला हृदयविकार होऊन गेलेला होता म्हणून, मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि बिस्किटांतल्या खोबरेल-पामतेलाविरुद्ध रान उठवले. १९९४ मध्ये तिथल्या एका ग्राहक संस्थेने चित्रपटगृहातल्या खोबरेलात फुलवलेल्या मक्याच्या लाह्यांवर झोड उठवली. नावडतीचे मीठ अळणी, अशी खोबरेलाची गत झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वारे फिरले. खोबरेलाचे चमत्कार सांगणारी पुस्तके खपू लागली. २००८ साली फ्लोरिडातील बालरोगतज्ज्ञ मेरी न्यूपोर्ट यांनी आपल्या पतीच्या स्मृतिभ्रंशावर खोबरेल वापरल्याचा अनुभव लिहिला आणि तो जगभर फिरला. तेच खोबरेल आता अमृत झाले. लगोलग २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवते म्हणून वापरू नये असा सल्ला दिला आणि २०१८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्गच्या प्राध्यापक करीन मिखेल्स यांनी व्याख्यानात त्याला शुद्ध विष म्हटले.

विष, अमृत, पुन्हा विष. तीस वर्षांत तीन कोलांट्या. या गदारोळात माणूस जे स्वतः खायला लागला, तेच त्याने प्रेमाने कुत्र्याला घातले. पण कुत्र्याच्या रोहिण्या माणसासारख्या बिघडत नाहीत, तेव्हा माणसाची भीती त्याला लागू नाही. आणि माणसाची स्तुतीही त्याला लागू नाही. त्याचे धोके वेगळे आहेत : लठ्ठपणा आणि स्वादुपिंडाची सूज. तेलकट-तुपकट खाणे हे कुत्र्यांतल्या त्या सुजेचे ओळखीचे कारण आहे आणि तो आजार जिवावर बेतू शकतो.

हिशेब करून पाहा. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे उष्मांक लागतात. मोठा चमचाभर खोबरेल म्हणजे सुमारे एकशेवीस. एकाच चमच्यात त्याच्या दिवसभराच्या खाण्याचा पाचवा हिस्सा झाला. चार किलोच्या मांजरीला दोनशे ते अडीचशे उष्मांक पुरतात आणि चहाच्या चमच्याभर तेलात चाळीस असतात. आपल्याला चमचा हा चमचाच वाटतो; तो कुणाच्या पोटात जातो यावर त्याचे वजन ठरते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांचा कुत्रा फेफऱ्याच्या गोळ्यांवर होता आणि झटके आटोक्यात होते. गोळ्यांनी यकृत बिघडेल या काळजीने त्यांनी बरेच वाचले. खोबरेलाने फेफरे थांबते असे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी एके दिवशी गोळ्या बंद केल्या आणि खोबरेल सुरू केले. चौथ्या दिवशी झटक्यामागून झटके येऊ लागले. दोन रात्री आम्ही त्या कुत्र्याशेजारी जागून काढल्या. तो वाचला, पण त्याच्या मागच्या पायांत पूर्वीचा जोर परत आला नाही. झटके तेलाने आले नव्हते. अशा गोळ्या एकाएकी थांबवल्या की ते उसळून येतात. गृहस्थ निष्काळजी मुळीच नव्हते. त्यांनी वाचले तेही सगळे खोटे नव्हते. फक्त लंडनच्या प्रयोगातल्या कुत्र्यांचे औषध चालूच होते आणि त्यांच्या खाद्यात खोबरेल नव्हते, एमसीटी होते, एवढ्या दोन गोष्टी वाटेत गळून पडल्या होत्या.

असेच गोचिडांच्या बाबतीत झाले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी जाहीर केले, की खोबरेलातून काढलेली लॉरिक, कॅप्रिक आणि कॅप्रिलिक ही मोकळी आम्ले गोचिडांना आणि चावऱ्या माश्यांना दूर ठेवतात. गुरांवर त्यांचा लेप चार दिवसांपर्यंत टिकला. त्याच निबंधात स्पष्ट म्हटले होते, की नुसत्या खोबरेलात हा गुण नाही. पण लोकांत पसरले ते ‘खोबरेलाने गोचीड पळतात’ एवढेच. मी खोबरेलाने चपचपीत केलेले आणि गोचिडांनी भरलेले कुत्रे पाहिले आहेत. शिवाय कुत्रा ते तेल चाटतो, मांजर तर सगळे अंगच चाटून काढते. म्हणजे बाहेरचे तेल शेवटी पोटातच जाते.

खोबरेलाची ओळख पटवणे माणसांनाही सोपे गेलेले नाही. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल, हा कराचा वाद आपल्याकडे कित्येक वर्षे चालला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केशतेल म्हणून विकले जात नसेल तर ते खाद्यतेलच. डोक्याचे की पोटाचे, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागले. तिथे दोन्ही बाजूंना वकील होते. मोतीला आणि मनीला वकील नसतो. त्यांच्या बाजूने विचार करणारे आपणच असतो.

तर मला विचारणाऱ्यांना मी काय सांगतो? निरोगी कुत्र्याने भाकरीला लागलेले थोडे खोबरेल चाटले तर काही बिघडत नाही. कोरड्या पडलेल्या पंजाला बोटभर लावले तरी हरकत नाही, फक्त ते मुरेपर्यंत त्याला चाटू देऊ नका. रोजचा पूरक म्हणून त्याची गरज नाही. जाड कुत्र्याला, ज्याला स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेला आहे त्याला, आणि मांजराला ते देऊच नका. म्हाताऱ्या किंवा फेफरे येणाऱ्या कुत्र्यासाठी एमसीटीचा विचार जरूर करा, पण तुमच्या पशुवैद्याला विचारून आणि चालू औषधाची एकही गोळी न चुकवता. आणि यापुढे कुणी ‘खोबरेलाचा गुण सिद्ध झालाय’ असे सांगितले, तर त्याला तीन गोष्टी विचारा. बाटलीतल्या तेलाचा, की त्यातून काढलेल्या अर्काचा? किती मात्रेत? आणि कुणावर सिद्ध झाला : माणसावर, कुत्र्यावर, की मांजरावर?